गावठी कोंबडी, तिच्या अंगावरची-पोटातली जिवावळ आणि आपण घालवत चाललेलं वाण

डोंगरपायथा (कुडाळ)

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात आमच्या वाडीत कोंबडीची पिल्लं मरतात ही दर वर्षीचीच गोष्ट. यंदा मात्र त्यात एक फरक ठळक दिसला, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या अंगणात दोन प्रकारची पिल्लं होती. एक, खुडूक कोंबडीखाली निघालेली गावठी. दुसरी, हॅचरीतून आणलेली सुधारित जातीची. ती पहिले तीन आठवडे बल्बखाली, तुसावर, अगदी निगुतीनं वाढवली आणि मग गावठीबरोबर अंगणात सोडली. आषाढाची झड लागली आणि आठवड्याभरात हॅचरीची पिल्लं पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा व्हायला लागली. विष्ठेत ताजं लाल रक्त. निम्म्याहून जास्त गेली. गावठीतली एखाद-दोन सुस्तावली, पण आईमागं उकिरडा उकरत फिरत राहिली आणि तगली.

शेजारी म्हणतात, "गावठीला काही होत नाही." ते काही मला पटत नाही, कारण त्याच गावठी तलंगा (वयात येणाऱ्या कोंबड्या) मारल्यावर आतड्यात पांढरे लांब जंत मी स्वतः पाहिलेत. उलट बाजूनं हॅचरीवाले सांगतात, गावठी सगळ्या काढून टाका, वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर काय घर चालतं? तेही पटत नाही. आजीच्या वेळेपासून चालत आलेलं वाण आहे हे. लाल, कवडी, काळी, उलट्या पिसांची, उघड्या मानेची अशी सगळी एकाच गुड्यात नांदायची. आता उलट्या पिसांची एकही दिसत नाही.

तर विचारायचंय ते असं : गावठीत खरंच काही वेगळं असतं, की हा नुसता समज आहे? असलंच तर ते टिकवायचं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

---

पशुवैद्य_परभणी

वर्णनावरून ही रक्ती हगवण दिसते, म्हणजे कॉक्सिडिऑसिस. खात्रीसाठी ताजं मेलेलं एखादं पिल्लू जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आम्ही पोट उघडलं की आधी दोन्ही अंधांत्रं बघतो. आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात ना, त्या. निरोगी पिल्लात त्या करड्या-हिरवट आणि मऊ असतात. या आजारात त्या फुगून गडद लाल झालेल्या असतात, आणि कात्री लावली की आतून गोठलेलं रक्त बाहेर येतं. एवढं दिसलं की बहुधा आयमेरिया टेनेला.

आयमेरिया हा एकपेशीय परजीवी. कोंबडीत त्याच्या सात जाती पूर्वीपासून माहीत आहेत, आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली. टेनेला अंधांत्रात, असर्वुलिना आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, मॅक्सिमा मधल्या भागात. पिल्लाच्या विष्ठेतून याच्या अंडपेशी बाहेर पडतात. पडल्या पडल्या त्या बाधक नसतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग चोचीवाटे पुन्हा पोटात जातात. कोकणातल्या आषाढात या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. एक अंडपेशी आत गेली की आठवड्याभरात तिच्या हजारो होऊन बाहेर येतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही केलेली तुलना सरळ नाही. गावठी पिल्लू पहिल्या दिवसापासून आईबरोबर त्याच अंगणात चोच मारत होतं. रोज थोडी थोडी बाधा होत गेली आणि त्यातून प्रतिकारशक्ती तयार झाली. हॅचरीचं पिल्लू तीन आठवडे स्वच्छ जागेत होतं. त्याची या परजीवीशी ओळखच नव्हती. ऐन धोक्याच्या वयात, झडीच्या दिवसांत त्याला एकदम मोठा डोस मिळाला. रक्ती हगवणीची जिवंत लस याच तत्त्वावर चालते : मोजकी बाधा लवकर देऊन टाकायची. आणि एका जातीची बाधा होऊन गेली तर प्रतिकार त्याच जातीपुरता मिळतो. टेनेलातून वाचलेली कोंबडी मॅक्सिमानं आजारी पडू शकते.

तरी वाणाचा भाग उरतोच. इजिप्तमधली फायूमी ही जुनी गावरान जात आणि अंड्यांसाठी घडवलेली लेगहॉर्न यांना सारखीच बाधा देऊन तुलना झालेली आहे. फायूमीनं ती बरीच चांगली सोसली, लेगहॉर्न कोलमडली. म्हणजे वंशातून येणारं काहीतरी आहे हे नक्की. तुमच्या वाडीतल्या गावठीत ते किती आहे, हे असा प्रयोग केल्याशिवाय मी सांगणार नाही.

---

रानवेल

एक शंका. आमच्या शेळ्या त्याच अंगणात असतात. ही हगवण शेळ्यांना लागेल का?

---

पशुवैद्य_परभणी

नाही. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच वाढतो. शेळीला रक्ती हगवण होते ती शेळीच्या स्वतःच्या आयमेरियांमुळे. माणसालाही यातलं काही होत नाही.

---

लेअरवाला_विटा

मी पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या पाळतो, व्यवसाय म्हणून. माझी बाजूही ऐका. पिंजऱ्यात पक्षी स्वतःच्या विष्ठेपासून दूर राहतो, त्यामुळं रक्ती हगवण आणि गोल जंत यांचा त्रास फार कमी होतो. गावठीच्या प्रेमापोटी आपण विसरतो की परसातल्या बहुतेक कोंबड्यांच्या पोटात जंत असतातच. ती मरत नाही, पण वजन धरत नाही आणि अंडी कमी देते. "तगते" म्हणजे "निरोगी आहे" असं नव्हे. गोरगरिबांना अंडं स्वस्त मिळतं ते आमच्यासारख्यांच्या शेडमुळं, हेही लक्षात घ्या.

---

जनुक_पुणे

विट्याच्या मित्रांचं म्हणणं रास्त आहे, पण त्याला दुसरी बाजू जोडतो. मी पक्ष्यांच्या जनुकशास्त्रात काम करतो, त्यामुळं जरा लांबण लागेल.

२००८ मध्ये जगभरातल्या व्यावसायिक आणि पारंपरिक कोंबड्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की पारंपरिक जातींमध्ये असलेल्या विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त व्यावसायिक वंशांत उरलेलीच नाही. अंडी आणि मांस यांसाठी मोजक्या कुळांची निवड पिढ्यानपिढ्या होत गेली, त्यात दुर्मीळ जनुकरूपं गळून गेली. आज त्यांचा उपयोग दिसत नसेल, पण नवा रोग आला की नेमकं त्यातलंच एखादं हवं असतं. मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाचं उदाहरण घ्या. कोंबडीच्या प्रतिकारयंत्रणेत बी नावाचा जनुकसमूह आहे. त्याचं बी-२१ हे रूप असलेल्या कोंबड्या मॅरेक्सला चांगली टक्कर देतात. हे रूप सगळ्या वंशांतून निघून गेलं असतं तर ते परत आणायचं कुठून?

परजीवींचं वैविध्यही थांबलेलं नाही. वर सात आयमेरिया सांगितले. ऑस्ट्रेलियातल्या कोंबड्यांत त्यांच्याशी न जुळणारे तीन प्रकार सापडले, पुढं ते आफ्रिकेत आणि भारतातही दिसले, आणि २०२१ मध्ये त्यांना लाटा, नागाम्बी आणि झारिया अशी स्वतंत्र जातींची नावं मिळाली. सध्याच्या लसी त्यांना अडवत नाहीत. म्हणजे समोरची बाजू रूपं बदलत राहणार, आणि आपण मात्र आपल्या बाजूचे पर्याय कमी करत जाणार. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

डोंगरपायथा, तुम्ही सह्याद्रीच्या कुशीत राहता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच तपासून असं दिसलं की मूळ उपजात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली. पण पिवळ्या पायांचं जनुक लाल रानकोंबड्याचं नाही. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ते राखी रानकोंबड्याकडून आलंय. हा पक्षी फक्त भारतात आढळतो, आणि तुमच्या घरामागच्या रानात पहाटे जो आरवतो तो हाच. जगभरातल्या ब्रॉयलरच्या आणि पांढऱ्या लेगहॉर्नच्या पिवळ्या पायांत आपल्याकडच्या रानाचा वाटा आहे. मला ही गोष्ट दर वेळी तितकीच विलक्षण वाटते.

---

रानवेल

मग रानकोंबडीची अंडी आणून गावठीखाली उबवली तर वाण सुधारेल का?

---

जनुक_पुणे

कृपा करून असं करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानकोंबड्याला संरक्षण आहे, त्याची अंडी गोळा करणं गुन्हा ठरतो. शिवाय पाळीव कोंबड्यांचे रोग आणि जनुकं रानात शिरली की नुकसान रानातल्या पक्ष्यांचं होतं. आपल्याला हवं ते वैविध्य वाड्यावाड्यांतल्या गावठीत आहे.

---

सातपुड्याची_लेक (नवापूर)

माझं माहेर-सासर दोन्ही नवापूर तालुक्यातलं. आमच्याकडची कोंबडी म्हणजे बुसरा. नंदुरबार, धुळे आणि पलीकडे गुजरातच्या पट्ट्यात ती आदिवासी घरांतून पिढ्यानपिढ्या पाळली जाते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जात म्हणून तिची रीतसर नोंद आहे. अंडी वर्षाला पन्नासच्या आसपास, पण पिल्लं स्वतः उबवते, घारीची सावली पडली की पिल्लांना पंखाखाली घेते, आणि दाणा विकत आणावा लागत नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापुरात निघाला. लाखो पक्षी मारावे लागले. मोठ्या शेडमधले गेले, त्यांच्याबरोबर परसातलेही गेले. साथ आवरायला ते करणं भाग होतं, हे मला कळतं. पण शेडवाल्यांनी पुन्हा पिल्लांची मागणी नोंदवली आणि शेड भरली. ज्या घरची बुसरा गेली त्या घराला ते वाण कुठल्या हॅचरीतून मिळणार होतं? पाव्हण्याच्या गावाहून एखादी कोंबडी वाट्यानं आणायची, तिची पिल्लं निम्मी-निम्मी करायची, असं हळूहळू पुन्हा उभं राहिलं. अजून सगळ्या घरांत नाही.

म्हणून वाण एकाच वाडीत राहू देऊ नका, दहा ठिकाणी पसरलेलं ठेवा.

सुधारित जाती मीही पाळून पाहिल्या. अंडी जास्त देतात यात शंका नाही. पण त्या खुडूक बसत नाहीत. बसल्या नाहीत की पुढची पिढी विकतच आणावी लागते. घरच्या बाईच्या हातातलं बियाणं हॅचरीच्या हातात जातं.

---

पिसांची_गोष्ट (नेदरलँड्स)

सगळ्यांनी पोटातलं लिहिलं, मी अंगावरचं लिहिते. इथं घरामागच्या बागेत मी थोड्या कोंबड्या पाळते. इथला मोठा शत्रू म्हणजे लाल माइट, एक अगदी बारीक किडा. दिवसा लाकडाच्या फटींत लपतो, रात्री कोंबडी झोपली की बाहेर येऊन रक्त पितो. उपाशी राहून महिनोनमहिने तग धरतो, त्यामुळं खुराडं रिकामं ठेवून भागत नाही. दिवसा कोंबडी उचलून कितीही शोधा, काही सापडत नाही. रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांडीच्या टोकाशी, जिथं ती भिंतीत शिरते तिथं पाहायचं. पांढरा कागद फटीवर घासायचा. लाल रेघ उमटली तर तो आहे.

या एका किड्यापायी इथं २०१७ मध्ये केवढं मोठं प्रकरण झालं. माइट मारायच्या औषधात बंदी असलेलं फिप्रोनिल मिसळलं गेलं, ते अंड्यांत उतरलं, आणि नेदरलँड्स-बेल्जियममधून लाखो अंडी बाजारातून मागं घ्यावी लागली. घरच्या कोंबडीवर कुठलंही कीटकनाशक मारण्याआधी ते आठवा.

उवांचं वेगळं. त्यांचं सगळं आयुष्य कोंबडीच्या अंगावरच जातं. गुदद्वाराभोवतीची पिसं बोटांनी बाजूला केली की पिवळसर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गुठळे. चोच कापलेल्या कोंबडीत उवा वाढतात, कारण तिला पिसं नीट साफ करता येत नाहीत. तिची चोच शाबूत असू द्या आणि धुळीत लोळायला कोरडी जागा द्या, अर्ध्या उवा तीच काढते. कॅलिफोर्नियात प्रयोग झालेत, धुळीच्या खोक्यात गंधक मिसळल्यावर उवा आणि माइट जवळजवळ नाहीशा झाल्या.

---

पशुवैद्य_परभणी

उत्तम लिहिलंत. आपल्याकडं या जागी गोचीड जास्त त्रास देते. ही मऊ गोचीड, अर्गास पर्सिकस. मातीच्या भिंतीच्या भेगांत, जुन्या लाकडाच्या सालीखाली राहते आणि तीही रात्रीच चावते. कोंबडीला ताप, हिरवी हगवण आणि लुळेपणा आणणारा स्पायरोकीट या जिवाणूचा आजार ती पसरवते. पुष्कळदा लोक याला मानमोडी (राणीखेत) समजून मोकळे होतात.

पायाचे खवले उचलले जाऊन खडबडीत, चुनखडी चढल्यासारखे पाय दिसले तर ती खवल्याखालची खरूज. कोमट साबणपाण्यानं पाय धुऊन घट्ट व्हॅसलीन किंवा तेल काही दिवस लावत राहा, किडा गुदमरतो. रॉकेल नको, कातडी जळते.

---

गुडो_आणि_गवळदेव (मालवण)

माझ्या आयेक ह्या सगळा वाचून दाखयलंय. ती म्हणता, मिरगाआधी गुडो रिकामो करून शेणामातयेन सारवचो, फटी बुजवच्यो, चुलीची राख तळाक पसरवची आणि बसाची काठी उन्हात घालून मगेच परत लावची. तिच्या सासूपासून असाच चालत इला. गोचिडी फटीत रवतत ह्या तुमी लिवलास, तिका ता आधीच म्हायती होता.

---

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून दोन प्रश्न. जंताचं औषध सगळ्यांना दर महिन्याला द्यावं का? आणि कोंबडा कसा निवडावा? आमच्या वाडीत सगळ्या घरांत मिळून एकच मोठा नर आहे.

---

पशुवैद्य_परभणी

दर महिन्याला नको. आधी विष्ठा तपासून घ्या, दवाखान्यात होते. गोल जंत आणि पट्टकृमी (चपटे, फितीसारखे जंत) यांची औषधं सारखी नाहीत. पिपेराझिन गोल जंतावर चालतं, पट्टकृमीला ते काही करत नाही. शिवाय पट्टकृमी सरळ विष्ठेतून पसरत नाहीत. मुंग्या, शेणकिडे, माश्या, गोगलगायी यांच्या पोटातून ते कोंबडीत जातात, म्हणून नुसतं औषध देऊन पावसाळ्यात ते पुन्हा होतातच. गोल जंताची अंडी सावलीच्या ओल्या मातीत महिनोनमहिने जगतात. ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. साचलेलं तूस काढणं, पाण्याच्या भांड्याभोवती चिखल होऊ न देणं, पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या शक्यतो वेगळ्या जागी चारणं, याला तोड नाही.

सारखं औषध दिलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. आणखी एक तोटा असा की कुठली कोंबडी स्वतःच्या बळावर तगते हेच तुम्हाला कळत नाही. खंगलेल्यांना आणि तीन महिन्यांखालच्या पिल्लांना जरूर द्या. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत ते पाकिटावर असतं, नसेल तर विचारा.

---

जनुक_पुणे

कोंबड्याबद्दल मी सांगतो. लाल रानकोंबड्यांवर एक सुंदर प्रयोग झालाय, मार्लीन झुक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला. काही पिल्लांना गोल जंताची, अस्कॅरिडिया गॅलीची, बाधा दिली, काहींना नाही. मोठे झाल्यावर बाधित नरांचे तुरे लहान आणि फिके राहिले. माद्यांसमोर दोन्ही प्रकारचे नर ठेवले तेव्हा त्यांचा कल स्पष्टपणे बाधा नसलेल्यांकडे होता, आणि निवड करताना तुरा आणि डोळ्यांचा रंग अशा गोष्टी त्यांच्या उपयोगी पडत होत्या. म्हणजे भरदार, लालबुंद तुरा ही नुसती शोभा नाही, पोटातल्या परिस्थितीची ती खूण आहे.

तेव्हा आकारानं सगळ्यात मोठा म्हणून नर ठेवू नका. ज्या मादीची पिल्लं झडीतून तगली तिचा, पावसाळ्याअखेर तुरा लाल असलेला नर ठेवा. आणि एकच नर सगळ्या वाडीला, हे तर लगेच बदला. दोन-तीन वर्षांत सगळी पिल्लं एकमेकांची भावंडं होतात. उलट्या पिसांची दिसेनाशी झाली त्यामागं हेच असू शकतं. ते जनुक प्रभावी आहे, एका बाजूनं आलं तरी पिसं उलटतात. म्हणजे ते लपून राहत नाही. वाडीत एकही दिसत नसेल तर ते वाडीतून गेलंय असंच धरा, दुसऱ्या वाडीतून आणावं लागेल.

---

लेअरवाला_विटा

हे मला पटलं. आमच्या धंद्यात पक्षी आम्ही निवडत नाही, कंपनी निवडून देते. परसातल्यांकडं हा हक्क आहे तर तो सोडू नये.

---

सातपुड्याची_लेक

डोंगरपायथा, हवी असतील तर बुसराची अंडी पाठवते. जिवंत कोंबडी नको, तिच्याबरोबर उवा, गोचीड, जंत सगळंच येईल. अंड्याच्या टरफलातून यातलं काही येत नाही. आठवड्याच्या आतली अंडी, भुशात उभी भरून. पोचल्यावर दिवसभर तशीच स्थिर राहू द्यायची आणि मग बसवायची.

---

पशुवैद्य_परभणी

बाह्य परजीवी आणि आयमेरिया अंड्यातून येत नाहीत, बरोबर. पण पुलोरमसारखा जिवाणूचा आजार आईकडून अंड्यात उतरतो. ज्या कळपातून अंडी घ्याल तिथल्या कोंबड्यांची रक्तचाचणी आधी करून घ्या. पिल्लांत पांढरी हगवण होऊन मरतूक झालेला कळप असेल तर तिथून घेऊच नका.

---

जनुक_पुणे

ताई, तुमचा मोठेपणा. तरी माझं मत असं की बुसरा नवापूर पट्ट्यातच वाढावी आणि कोकणातली गावठी कोकणात. दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर दोन्हीचं वेगळेपण जाईल. डोंगरपायथा, आधी तुमच्याच तालुक्यातल्या लांबच्या वाड्या बघा. घाटाच्या बाजूची एखादी वाडी आणि खाडीकडची एखादी, असं.

---

डोंगरपायथा

हेच करतो. माणगाव खोऱ्यात आतेकडं अजून उलट्या पिसांच्या आहेत असं काल फोनवर कळलं. त्यांच्याकडं गेल्या काही वर्षांत पांढरी हगवण झालेली नाही, तरी रक्तचाचणीचं दवाखान्यात विचारून ठेवलंय. दिवाळीनंतर जमीन सुकली की तिकडची अंडी आणून आमच्या दोन खुडूक कोंबड्यांखाली बसवणार, आणि आमच्या लाल कोंबडीची अंडी तिकडं देणार. वाडीतल्या आणखी दोन घरांनी यंदाच्या झडीतून तगलेल्या पिल्लांतला एकेक नर राखायचं कबूल केलंय. सिंधुदुर्गातलं अजून कुणी अंड्यांची अदलाबदल करायला तयार असेल तर इथंच लिहा. उघड्या मानेची कुणाकडं असेल तर जरूर कळवा, आमच्याकडं तिची एकच तलंग उरलीय.